पांढऱ्या बादलीतलं शिसं

भाई,

तुमच्या मागच्या अंगणातल्या सामानाची यादी आज दुपारी पूर्ण झाली. बेचाळीस नोंदी. एकेचाळीस तुमच्या वस्तूंच्या आहेत. बेचाळिसावी माझी, तिच्याकडे शेवटी येते.

लोखंडी कढई एक, बाहेरून लाल फुली मारलेली, म्हणजे चुकूनही स्वयंपाकाला घ्यायची नाही ती. गॅसची शेगडी. अ‍ॅल्युमिनियमचे साचे, दोन दोन भागांचे, चार जोड्या. कातडी हातमोजे, डावा करपलेला. इडलीपात्राच्या तीन ताटल्या, ज्यांत तुम्ही शिशाच्या इडल्या पाडायचात. मेणबत्त्यांचे तुकडे, डबाभर. लोहचुंबक, मी वापरायचे ती पक्कड, तुमची फरशी. बादल्या तीन: लाल, पांढरी, निळी. आणि वही.

ही वही मीच सुरू केली होती. तारीख, किती माल वितळवला, किती शिसं निघालं, किती वजनं ओतली, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. त्या वहीत एक नोंद खोटी आहे. दोन वर्षं मला ते माहीत होतं आणि तुम्हाला नव्हतं. तुम्ही गेलात त्याला आज तेवीस दिवस झाले. हे पत्र त्या एका नोंदीसाठी आहे.

मी तुमच्या अंगणात पहिल्यांदा आले ती भांडायला, आठवतंय? सुहास तुमच्याबरोबर शमालच्या धक्क्यावर मासे धरायला जाऊ लागला होता. दर खेपेला गळाच्या दोरीची पाच-सहा शिशाची वजनं खडकात अडकून तुटायची, म्हणून तुम्ही ती घरीच ओतायचात आणि सुहास मदतीला यायचा. एका शुक्रवारी तो तसाच घरी आला, काळ्या हातांनी पोळीचा तुकडा मोडला आणि वर सांगितलं, “शिसं आहे, धुतलं की जातं.” मी त्याची पोळी काढून घेतली, गाडीची किल्ली घेतली आणि तडक अल रय्यानला तुमच्या दारात. तुम्ही स्टुलावर बसून कढईतली मळी पळीने काढत होतात. मी पाच मिनिटं बोलले. शिसं अंगात जातं, धूर छातीत जातो, तुम्ही दोघं शहाणी माणसं आहात की कोण आहात. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि सुहासला फोन लावलात.

“काय रे, तुझी बायको हाफिसात काय करते?”

कंत्राटी कंपनीत कागदपत्रं सांभाळते, असं तो म्हणाला असणार.

“तरीच,” तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे वळलात. “कारकूनबाई, हे सगळा लिवून आणा. तोंडी माझ्या ध्यानात ऱ्हात नाय.”

पुढच्या शुक्रवारी मी छापून, प्लास्टिकमध्ये घालून आणलं. हात धुतल्याशिवाय चहा नाही. या कामाचे कपडे वेगळे, घरात न्यायचे नाहीत. वारा पाठीकडून येईल असं उभं राहायचं. कढईजवळ ओली वस्तू आणायची नाही, घामाचं कापडही नाही. तुम्ही भिंतीवर चिकटवून घेतलंत आणि भाभींना मोठ्याने वाचून दाखवलंत, प्रत्येक नियमाला “व्वा” म्हणत. मग म्हणालात, “पाचवा लिवा. वहिनी आल्याबिगर शेगडी पेटवायची नाय.”

मी चेष्टा समजले. पण त्यानंतरच्या शुक्रवारी तुम्ही खरोखरच शेगडी न पेटवता बसून राहिलात, अकरा वाजेपर्यंत, आणि सुहासला फोन करायला लावलात. मला मासे पकडण्यात आजही रस नाही. पण गाड्यांच्या चाकांवरून उतरलेला कचरा वितळतो, वर येते ती घाण निघून जाते आणि खाली आरशासारखं काहीतरी उरतं, हे मला आवडलं. असं चोख काम ऑफिसात कधी होत नाही.

तुमचा माल इंडस्ट्रियल एरियातल्या पंक्चरवाल्याकडून यायचा. चाकाचा तोल साधायला जी वजनं ठोकतात, त्यांतली जुनी तो तुमच्यासाठी पिशवीत साठवायचा. पिशवीत वजनांबरोबर वाळू, व्हॉल्व्हची टोपणं, सिगारेटची थोटकं. तुम्ही सांगायचात की तुम्ही या देशात नोकरीला आलात तेव्हा पिशवी उघडली की सगळं शिसंच असायचं, आणि आता अर्धं लोखंड आणि जस्त निघतं. लोखंड चुंबकाला चिकटतं, त्याचा प्रश्न नाही. घोळ जस्ताचा. दिसतं शिशासारखंच, पण कढईत मिसळलं की सगळा माल फुकट.

आपलं भांडण इथूनच सुरू झालं आणि ते कधी मिटलं नाही.

तुमची पद्धत: एकेक तुकडा हातभर उंचीवरून फरशीवर टाकायचा आणि ऐकायचं. “शिसा पडला की गप पडतो. जस्त पडला की सांगून पडतो.” तुम्ही टाकत जायचात, थप, थप, थप, टण, आणि टण आलं की न बघता तुकडा निळ्या बादलीत. हे करताना तुम्ही सुहासशी बोलायचात, भाभींना उत्तरं द्यायचात, तरी हात चुकायचा नाही.

माझी पद्धत: पक्कड. शिसं चावलं जातं, जस्त चावलं जात नाही. वेळ तिप्पट लागतो, पण पुरावा राहतो.

“पुरावा कोणाला दाखवताव? माशांना?”

“भाई, ऐकण्यावर भरवसा ठेवून कोणी स्टोअरचा माल घेत नाही.”

“मी तीस वर्सं आयकण्यावरच रोटी खाल्ली, वहिनी.”

ते खरं होतं. मोठ्या इमारतींच्या एसीचे कॉम्प्रेसर तुम्ही असेच तपासायचात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. तुमच्या कंपनीतली पोरं संगणकावरचे आकडे बघून गोंधळली की तुम्हाला बोलवायची, आणि तुम्ही म्हणायचात, “मागचा बेअरिंग. खलास झालाय तो.” आणि तोच निघायचा. हे मला सुहासने सांगितलं होतं. तुम्ही स्वतःची अशी बढाई कधी मारली नाहीत.

तीन बादल्यांची कल्पना माझी. लाल म्हणजे न निवडलेलं, पांढरी म्हणजे निवडलेलं शिसं, निळी म्हणजे जस्त आणि लोखंड. तुम्ही हसलात, पण वापरल्यात.

आता ती नोंद. बारा किलोची कढई, वारा जोरात होता म्हणून शेगडी मोठी ठेवलेली. आच बेताची असती तर जस्त वितळलं नसतं, वर तरंगलं असतं आणि तुम्ही पळीने काढलं असतंत. पण आच मोठी होती. तुम्ही मळी सुटायला मेण टाकलंत, ढवळलंत, आणि मळी निघेचना. वरचा थर उपम्यासारखा झाला. साच्यात ओतलं तर वजनं अर्धवट, भोकं पडलेली. तुम्ही तीनदा ओतून पाहिलंत. मग पळी खाली ठेवलीत.

“जस्त गेला,” तुम्ही म्हणालात. “पांढऱ्या बादलीतला सगळा मी आयकलेला होता.”

सुहास म्हणाला, “होतं एखाद्या वेळी, भाई.”

“एखादा तुकडा गेला तर असा होत नाय. लय गेलाय.” तुम्ही हातमोजे काढलेत. “कान गेले.”

मी वही उघडली आणि विचारलं, शेरा काय लिहू? हा माझा स्वभाव. तुम्ही सांगितलंत, “लिवा, निवडण्यात चूक. दाऊदचे कान.” मी लिहिलं.

पुढच्या शुक्रवारी मी लवकर आले. चौथी पिशवी निवडायची होती, म्हणून लाल बादली ओढली. ती रिकामी होती. वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पिशवी ४, लाल बादलीत.’ मी दोन मिनिटं उभी राहिले आणि मला सगळं दिसलं. मागच्या शुक्रवारी शेगडी पेटायच्या आधी मी बादल्या बाहेरून पुसून नवी लेबलं लावली होती, छापील, आणि त्या गडबडीत फोनवर ऑफिसातल्या कुणाशी तरी बोलत चौथी पिशवी पांढऱ्या बादलीत उपडी केली होती. तुम्ही निवडलेल्या मालावर. वहीत मात्र लिहिलं लाल. पिशवीतला एकही तुकडा तुमच्या कानाखालून गेला नव्हता.

तुम्ही घरात चहा घेत होतात. मी सांगायलाच आत आले. शपथ घेत नाही, पण सांगायलाच आले होते. तुम्ही मला पाहिलंत आणि भाभींना म्हणालात, “बघ, कारकूनबाई आली. हिचा बरोबर होता. पक्कड ती पक्कड.” आणि माझ्याकडे वळून, “आजपासून निवडायचा काम तुमचा. मी फक्त ओतणार.”

मला बरं वाटलं, भाई. हे लिहायलाच हवं. चार वर्षं वाद घातल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर हार मानलीत आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आज राहू दे, पुढच्या शुक्रवारी सांगू.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही मला एक अर्ज टाइप करून द्यायला सांगितलात. साइटवरून स्टोअरमध्ये बदली. कारण, ऐकू कमी येतं. मी म्हटलं, “आधी कानांची तपासणी तरी करून घ्या.” तुम्ही म्हणालात, “बारा किलोची तपासणी झाली ना. यंत्र खोटा बोलेल, शिसा नाय बोलत. एखादा बेअरिंग माझ्या कानामुळे फुटला नि कोणाला लागला तर?” मी अर्ज टाइप केला. इंग्रजी नीट, दोन परिच्छेद, खाली तुमच्या सहीची जागा. त्या क्षणापर्यंत ती माझी चूक होती. त्यानंतर ती चूक राहिली नाही. तिला काय म्हणायचं मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुहासला सांगितलं होतं. तो म्हणाला, आता बदली झाली, सांगून काय होणार, उगाच दोघांना त्रास. मला जे ऐकायचं होतं तेच तो बोलला, म्हणून मी त्याचं ऐकलं. एरवी मी त्याचं कुठे ऐकते?

आणि मग गाडीच्या इंजिनाचा बेल्ट. मागच्या हिवाळ्यात आपण तिघं शमालला चाललो होतो, गाडी मी चालवत होते, तुम्ही शेजारी. लुसैलचे टॉवर मागे पडले आणि तुम्ही खिडकी थोडी खाली केलीत.

“बेल्ट वाजतोय तुमचा,” तुम्ही म्हणालात.

मला काही ऐकू येत नव्हतं. मागून सुहासलाही नाही. तुम्ही जरा वेळ मान कलती करून बसलात, मग काच वर केलीत. “जाऊं दे. मना काय कळतंय आता.”

त्या दिवशी तुम्ही तीन शेरी मासे आणि एक हामूर धरलात आणि साफ करून आम्हाला दिलात. सोमवारी मी गाडी गॅरेजला नेली. बेल्ट तीन ठिकाणी चिरलेला निघाला. गॅरेजवाला म्हणाला, आठवडाभरही टिकला नसता, कसं कळलं तुम्हाला? मी म्हटलं, एका मेकॅनिकने सांगितलं. जुना बेल्ट त्याने पिशवीत घालून दिला, मी तारखेची चिठ्ठी लावून डिकीत ठेवला. मी वस्तू टाकत नाही. आणि तुम्हाला सांगितलंही नाही. बेल्टचं सांगितलं असतं तर कानांचं सांगावं लागलं असतं, कानांचं सांगितलं तर पांढऱ्या बादलीचं, मग अर्जाचं. तुम्ही तेव्हा रोज सकाळी स्टोअरच्या खिडकीत बसून पोरांना पाने-पकडी मोजून देत होतात.

अशी एकही संधी नव्हती असं म्हणता येणार नाही. माझ्या हिशेबाने, सुट्ट्या सोडून, सत्तर-ऐंशी शुक्रवार होते.

तुम्हाला अबू हमूरच्या कब्रस्तानात नेलं तेव्हा सुहास गेला, मी भाभींजवळ थांबले. नंतरचे सात दिवस बायका येत राहिल्या. मी चहाचं आणि खजुरांचं बघत होते. भाभी प्रत्येकीला सांगायच्या, “माणूस असा, की भिंतीपल्याड यंत्राला काय झालाय ते सांगायचा. शेवटाला कानांनी दगा दिला.” प्रत्येकी म्हणायची, “अल्लाची मर्जी.” मी ट्रे घेऊन उभी. ते वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. तुमच्याबद्दल माणसांच्या लक्षात हेच राहणार होतं, आणि ती माझी करणी होती.

आठव्या दिवशी बायका गेल्यावर मी भाभींना सगळं सांगितलं. क्रमाने: बादल्या, पिशवी, वही, अर्ज, बेल्ट. त्या तुमचे शर्ट घडी करत होत्या. हात थांबले नाहीत.

“म्हंजे कान बरे होते?”

“हो.”

“शेवटपरत?”

“हो, भाभी.”

त्यांनी शर्ट मांडीवर ठेवला. “दोन वर्सं मी त्यांच्याशी वरडून बोलत होते, सुनीता. ते म्हणायचे, ‘वरडू नको गो, आयकायला येतंय.’ मी म्हणायची, तुम्हाला काय आयकायला येतंय, तुमचे कान गेलेत.” त्यांनी शर्टाची घडी मोडली, पुन्हा घातली. मग, “हे मना काय सांगतेस? त्यांना सांगायचा होता. जा तू आता.”

मी गेले. बारा दिवस त्यांनी फोन केला नाही. मी रोज फोन जवळ ठेवत होते. सुहास जाऊन किराणा देऊन यायचा, त्याच्याशी त्या नेहमीसारख्या बोलायच्या, माझं नाव निघायचं नाही. मला वाटलं, हे बरोबरच आहे.

परवा फोन आला. “कार्गोला सामान द्यायचा हाय. इद्दतीचे चार म्हैने घरात काढले की मी रत्नागिरीला जाणार, सामान आधी जाईल. यादी कोण करणार? ये.”

काल आणि आज तेच केलं. लाल बादलीत शेवटच्या पिशवीतला माल तसाच होता. कार्गोत शिसं जाणार नाही, ते पंक्चरवाल्याला परत द्यायचं, पण निवडून द्यावं असं मला वाटलं. पक्कड बाजूला ठेवली आणि तुमच्या स्टुलावर बसून एकेक तुकडा फरशीवर टाकू लागले. थप. थप. तिसरा टाकला, पांढऱ्या बादलीकडे हात नेला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाभींचा आवाज आला.

“जस्त हाय तो!”

पक्कड लावून पाहिलं. जस्तच होतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“पंचवीस वर्सं ह्या खिडकीत भांडी घासतेय. मना नाय कळणार?”

मग मी टाकत गेले आणि त्या आतून सांगत गेल्या. शेवटी सगळे तुकडे मी पक्कड लावून पाहिले. माझ्या कानाचे चार चुकलेले निघाले. त्यांचा एकही नाही. भाई, वाद संपला म्हणायला हरकत नाही.

वहीतली नोंद मी खोडली नाही. खोडलेलं मला चालत नाही. एक रेघ मारली, जुनं वाचता येईल अशी, आणि खाली लिहिलं: ‘दुरुस्ती. पिशवी ४ न निवडता पांढऱ्या बादलीत टाकली गेली. टाकणारी सुनीता. दाऊदभाईंचे कान बरोबर होते.’ तारीख, सही. तुमच्या कंपनीला कळवायचं पत्रही टाइप केलं आहे. उद्या सुहास घेऊन जाईल. अर्ज नीट इंग्रजीत होता, हेही तसंच आहे.

दुपारी शेजारच्या दोघी आल्या होत्या. भाभींनी त्यांच्यासमोर मला विचारलं, “तो बेल्ट हाय काय अजून?” मी डिकीतून आणला. त्यांनी पिशवीतून काढला, बोटांनी वाकवून त्याच्या चिरा दाखवल्या आणि म्हणाल्या, “हे ह्यांनी काच बंद करायच्या आधी आयकलं. चालत्या गाडीत. मागच्या थंडीत.” आणि माझ्याकडे न बघता, “हिला इचारा.”

त्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हो. गाडी माझी होती. मला काही ऐकू आलं नव्हतं.” आणि बाकीचंही सांगितलं. चहा गार झाला सगळ्यांचा.

त्या गेल्यावर भाभींनी बेल्ट तुमच्या शर्टांच्या घडीवर ठेवला आणि खोका माझ्याकडे सरकवला.

“लिव.”

मी म्हटलं, “भाभी, कार्गोवाला विचारेल, गाडी नाही आणि जुना बेल्ट कशाला पाठवताय?”

“सांग त्याला, आमच्या ह्यांचा दाखला हाय.”

नोंद बेचाळीस. गाडीचा बेल्ट, वापरलेला, तीन ठिकाणी चिरलेला. एक नग.